मीठ चाखण्यापुरतं

माझा स्वभाव मूळचाच संशयी. दुधात पाणी किती, हे मी पातेल्यात डोकावूनच सांगते. त्यामुळे गेल्या नाताळनंतर नवऱ्याला ताप आला आणि ताप उतरल्यावरही जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा मी पहिला आळ घेतला तो त्याच्या गोखिवऱ्याच्या कारखान्यातल्या पाण्यावर.

डॉक्टरांनी इको काढला, रक्त तपासलं. म्हणाले, एक परजीवी हृदयाच्या स्नायूंच्या पेशींत शिरलाय. आत बसून वाढतो, पेशी फोडतो आणि शेजारच्या पेशीत जातो. सूज येते, हृदयाचा जोर कमी पडतो. तो मांजराच्या विष्ठेतून येतो, नाहीतर कच्च्या मटणातून. कच्चं मटण खाता का, असं त्यांनी विचारलं. मला रागच आला. आमच्या घरात चपातीसुद्धा कच्ची राहत नाही. मी ठणकावून नाही म्हटलं.

मग राहिलं सासूबाईंचं मांजर. आठ दिवस मी त्याच्या पाळतीवर होते. कुठे बसतं, कोथिंबिरीच्या कुंडीत काय उकरतं. शेवटी गोणीत घालून पाचूबंदरच्या मासळी बाजारात सोडून आले. सासूबाई मात्र मासळी साफ करताना त्याच्यासाठी डोकी बाजूला काढून ठेवत राहिल्या.

गोळ्यांनी नवरा सावरला. पण मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पुन्हा असं झालं तर हृदयाला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी घरभर फिनाईल ओतलं.

यंदा नाताळच्या आधी सॉसेजसाठी डुकराचं मटण मसाल्यात कालवलं. आमच्याकडे मिठाचा निवाडा नवऱ्याच्या जिभेवर. दरवर्षीसारखं मी चिमूटभर मटण घेऊन त्याच्या तोंडाशी नेलं. त्याने तोंड उघडलंसुद्धा. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"कच्चं हाय ते, गो."

"खायला नाही, चाखायला देतेय," मी म्हणाले.

म्हणाले आणि चिमटीतलं मटण परत भांड्यात टाकलं. डॉक्टरांशी मी खोटं बोलले नव्हते. चाखणं हे खाणं असतं, असं मला कधी वाटलंच नव्हतं. गेल्या नाताळातही हाच हात होता.

सासूबाईंनी तो नळाखाली धरला, साबण लावला आणि एकेक बोट चोळून धुतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात मांजर शोधायला गेले. दुपारपर्यंत फिरले. ते सापडलं नाही.