झेंडीची जागा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. काकूच्या शेतात पाणी आहे असं मला कुणीही म्हणालं नव्हतं. ते मी माझ्या मनानं सांगितलं.

तेल शोधणारे टेंभुर्णीच्या बाजूला आले, तेव्हा शेतकऱ्यांकडून परवानगी मिळवून द्यायचं काम माझ्याकडं होतं. समुद्रात तेल सापडलं, गुजरातेत सापडलं, राजस्थानच्या वाळूत सापडलं; मंग आपल्या काळ्या खडकाखाली का नसावं, म्हणून आजवर कुणी न पाहिलेले मुलूख आता तपासून राह्यलेत, असं त्यांचे साहेब सांगायचे. नकाशावरच्या सरळ रेषेत लाल झेंड्या लावायच्या, झेंडीपाशी भोक पाडून खाली स्फोट करायचा आणि हादरा परत कसा येतो ते यंत्रावर पाहायचं. पाण्याशी त्याचा बिलकुल संबंध नव्हता.

रेषा काकूच्या मोसंबीतून जात होती. काका जाऊन बरीच वर्षं झालेली. बाग तिनं एकटीनं वाढवलेली. ती बांधावर आडवी उभी राहिली.

"तेल निघालं तं मला काय? भजे तळू?"

साहेब गाडीतून माझ्याकडं बघत होते. त्यांच्यासमोर घरच्याच माणसानं अडवलं याची मला लाज वाटली.

"काकू, मशीनला पाणीबी दिसतं," मी म्हणालो.

"खरं का रे?"

"मंग! झेंडी काय उगंच लावली तिथं?"

ती बाजूला झाली. भोक पाडताना वरून टँकरचं पाणी सोडतात, तेच चिखल होऊन वर येतं. काकूनं तो चिखल मुठीत घेऊन दाबून पाहिला. टँकर माझ्या मागंच उभा होता.

ते लोक पुढं निघून गेले. तेलाचं काय झालं, आम्हाला कुणी कळवलं नाही. काकूनं मात्र जुनी विहीर खोल करायचा बेत मोडला आणि झेंडीच्या जागी बोअर घ्यायचं ठरवलं. बोअरची गाडी आत यावी म्हणून मोसंबीची एक ओळ तोडली. नारळ फोडायला मलाच बोलावलं.

"जागा तू दाखवली, नारळबी तूच फोड. मी लांब थांबते."

विधवेनं अशा वेळी पुढं येऊ नये म्हणतात, म्हणून ती बांधापलीकडं थांबली. मी नारळ फोडला. मशीन सुरू झाल्यावर तिला राहवेना, ती जवळ आली. संध्याकाळपर्यंत नुसता धुराळा निघाला.

उन्हाळ्यात विहीर आटली आणि उरलेली बाग उभी वाळली.

परवा तिच्याकडं गेल्तो. अंगणात मोसंबीचंच सरपण रचलेलं होतं. मी विषय काढला, "काकू, त्या बोअरचं..."

"जाऊ दे बाबा. पाणी व्हतं तिथं, चिखल मी हातात घेतल्ता. मीच मधी जाऊन उभी राह्यले. माझाच पाय न्हाई चांगला." मंग म्हणाली, "बस, चहा टाकते."

मी चहा पिऊन परत आलो.

गावात कुणी विहिरीला, बोअरला नारळ फोडत असलं की ती आता घराचं दार लावून घेते. तिथं पाणी आहे हे मी रचून सांगितलं होतं, तिच्या पायाचा त्यात काहीच दोष नाही, एवढं मला तिच्या तोंडावर सांगायचं आहे. ते अजून बाकी आहे.