तिसऱ्या पिशवीतला वास

ग्रामपंचायतीच्या सभागृहात टेबलावर तीन फुगलेल्या पिशव्या होत्या. दोहोंत स्वच्छ हवा, एकीत किंचित दुर्गंधी वायू. नळीला नाक लावून तो कोणत्या पिशवीत आहे, ते सांगायचे. जे ओळखतील, तेच पुढे हाडांच्या कारखान्याच्या वासाबद्दल साक्ष देणार. माझी पाळी आली. मागून पाटील बोलले.

"याले काऊन बोलावलं साहेब? याच्या घरी ढोरं सोलत होते. याचं नाक तवाच मेलं."

सभागृह हसले. चाचणी घ्यायला आलेले प्रदूषण मंडळाचे साहेबही हसले. "काका, तुम्ही बाजूला बसा."

बाजूला म्हणजे दाराशी.

ही चाचणी माझ्याच अर्जांमुळे लागली होती. नियमपत्रक मला पाठ होते. त्याप्रमाणे मी साबण लावला नव्हता, उदबत्ती लावली नव्हती, सकाळचा चहाही घेतला नव्हता. पाटलांच्या गालात मात्र खर्रा होता. सुपारी-तंबाखूचा तो तोबरा सांभाळतच त्यांनी नळी हुंगली.

"हे असंल. नाई तं ते."

"चालेल," साहेब म्हणाले आणि त्यांचे नाव लिहिले.

शाळेतही मी दाराशीच बसत असे. गुरुजी नाकाला रुमाल लावून म्हणत, "कातड्याचा वास येतो." माझ्या बापाने धम्म स्वीकारला त्याच दिवशी ते काम सोडले होते. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. घरात कातडे नव्हते. तरी मी नदीवर अंग घासघासून रक्त काढले. नसलेला वास त्यांना आला. आणि आता असलेला येत नाही.

आमच्या टोलीत, गावाबाहेरच्या वस्तीत, तो रोज दिवस कलताना येतो. भाताच्या घासात उतरतो. शेवटच्या आजारात माझी बायको ओला पदर नाकाशी धरून विचारायची, "खिडकी लावली का जी?" खिडकी लावलेलीच असायची. ती गेली. आजही कारखान्याचा धूर वाकला की मी उठतो, फडके भिजवतो, तिच्या उशीपाशी ठेवतो.

लिपिकाने कागद पुढे केला. माझ्या नावापुढे लिहिले होते : स्वेच्छेने माघार.

"भाऊ, सही करा. जेवाचं आहे सगळ्यायले."

मी उठलो. सरळ टेबलापाशी गेलो. तिन्ही नळ्यांना क्रमाने नाक लावले.

"तिसरी."

साहेबांनी हातातला उत्तरांचा तक्ता पाहिला. मग पालथा ठेवला. कोणी हसले नाही.

'स्वेच्छेने माघार' यावर मी आडवी रेघ मारली. खाली लिहिले : 'मी माघार घेतलेली नाही. जातीवरून उठवण्यात आले. तिसरी पिशवी ओळखली. निवडलेल्या व्यक्तीच्या तोंडात तंबाखू होता.' त्याखाली सही केली आणि लिपिकाकडून प्रतीवर पोच घेतली.

त्या तक्त्याची नक्कल मी मागितली आहे. नाकारली तर अपील करीन. तेही फेटाळले तर न्यायालयात जाईन. पिशव्या पुन्हा भराव्या लागतील, आणि त्या दिवशी मी दाराशी बसणार नाही.