सुधाताईंची गांडुळं

समोरच्या सुधाताईंनी आणि मी एकाच दिवशी गॅलरीत गांडूळखताचे तीन-तीन डबे एकावर एक रचले. दोन महिन्यांत माझी गांडुळं मेली. त्यांची मात्र खालचा डबा खतानं भरून, वरच्या डब्याच्या तळाच्या भोकांतून त्यात चढली होती. ते काळंभोर, भुसभुशीत खत हातात घेताना मला चक्क मत्सर वाटला.

"माझं काय चुकलं?" मी विचारलं.

"तुम्ही रोज उकरून बघत होता ना," त्या म्हणाल्या. "त्यांना जरा त्यांच्यावर सोडून द्यायचं असतं."

त्यांची परदेशातली मुलगी दर रविवारी आपणहून फोन करते. माझ्या मुलाला मीच दिवसातून तीनदा करते. तो उचलतोच असं नाही.

सुधाताईंनी प्रेमानं वाटीभर गांडुळं दिली. ती घेताना मला त्यांचा रागच आला.