ढवळीचे एकशे चौदा दिवस

सुरतेतल्या नवागामच्या गल्लीत अंजनाबाईला सगळे ‘डुकरीणवाल्या मावशी’ म्हणत. पाठीमागे म्हणत, पण तिला ते ठाऊक होतं आणि काडीचंही वाईट वाटत नव्हतं. नवरा काशीराम कापडाच्या लूमवर बारा-बारा तास उभा राही, आणि ही बाई घरामागच्या पत्र्याच्या खोपटात आपल्या पांढऱ्या डुकरिणीशी गप्पा मारत बसे. तिचं नाव ढवळी.

ढवळीला दोनदा नराकडे नेलं. दोन्ही वेळा एकविसाव्या दिवशी ती पुन्हा माजावर आली, म्हणजे गाभ राहिलाच नाही. काशीराम वैतागला. “ही शेवटची खेप. या वेळी व्याली नाही तर छगनच्या टेम्पोत घालायची. मग रडत बसू नको.” छगन कापायला डुकरं नेई.

तिसऱ्यांदा नराकडून आणल्यावर बाईने ढवळीचे जे लाड केले, ते पोटच्या पोरीचेही केले नसतील. अठ्ठ्याण्णव साल होतं, नुकताच तापीला पूर येऊन गेला होता. कुठल्याशा गोदामातला भिजलेला मका मातीमोल निघाला. हिने दोन पोती आणली, वाळवली, रोज शिजवून घालू लागली. दाण्यांवर गुलाबी झाक होती खरी. पण सुरतेत गुलाबी रंग बघून कोण दचकतं हो? इथे नाल्यांनाही रोज नवा रंग! कापड रंगवणाऱ्या डाईंगचं पाणी लागलं असेल म्हणाली, आणि मका दोनदा धुऊन घेतला.

एकविसावा दिवस उलटला, ढवळी माजावर आली नाही. पंचविसावाही गेला. पुढे तिचे सड फुगले. अंजनाबाईने गल्लीत गूळ वाटला. काशीरामही विरघळला, पिल्लांना ऊब म्हणून लूमवरच्या चिंध्या घेऊन आला. डुकरीण व्यायला तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस लागतात. एकशे चौदा दिवसांच्या रेघा बाईने कोळशाने भिंतीवर ओढल्या.

एकशे चौदावा आला, एकशे विसावाही गेला. पिल्लू नाही की कळ नाही. शेवटी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी ढवळीला नीट तपासलं, मग मक्याची मूठ नाकाशी नेली.

“बेन, पोट रिकामं आहे,” ते म्हणाले. “बाराव्या दिवसाच्या सुमारास पिल्लं आतून आईला निरोप धाडतात, आम्ही आहोत म्हणून. हार्मोन म्हणतात त्याला. तो पोचला की आई माजावर येत नाही. मक्यावरचा हा रंग नाही, बुरशी आहे. बुरशीच्या विषानेही तसाच निरोप जातो. पिल्लं टिकली नाहीत, पण हिच्या अंगाला वाटत राहिलं, आपण गाभण आहोत.”

“म्हणजे तिची खोट नाही?”

“या वेळी तरी नाही. मका बंद करा. महिन्याभरात माजावर येईल.”

अंजनाबाईने उरलेला मका उकिरड्यावर ओतला. आपल्याच हातांनी, तेही शिजवून, मायेने! काशीराम घरी आला तेव्हा तिने काही लपवलं नाही. “चूक माझी आहे हो. शिक्षा तिला नका देऊ. महिनाच थांबा.” तो भिंतीवरच्या रेघांकडे बघत राहिला. “छगनला शब्द दिलाय मी,” एवढंच म्हणाला. गल्लीही त्या खोपटाला कावली होती. रोज कुणीतरी काशीरामला हटकायचं.

दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी टेम्पो आला. फळी लावली, दोरी ओढली. ढवळी जागची हलेना. छगनची माणसं शिव्या द्यायला लागली. अंजनाबाई धावत गेली, तिने ढवळीच्या पाठीवर तळवा दाबला. ढवळी पाय रोवून, कान ताठ करून, गप्प उभी होती. माजावरची डुकरीण पाठ दाबली की अशीच खिळून उभी राहते.

“अहो, माजावर आलीय! आजच आलीय! हात लावून बघा!”

काशीरामने हात लावला. त्यालाही कळलं. त्याने छगनकडे पाहिलं.

“काशीभाई, खोटी करू नका, उशीर होतोय,” छगन म्हणाला, आणि काशीरामने हात काढून घेतला.

अंजनाबाईने नाही काढला. “बघा, बघा तरी,” म्हणत ती पाठ दाबून धरून राहिली. आणि तो हात होता म्हणून ढवळी तसूभर हलली नाही. चार माणसांनी तिचे पाय आरामात बांधले.