पुसलेल्या आवाजाची जागा

आर्वीत साड्यांचा सेल असो की कोणाची मयत, ऑटोवरच्या भोंग्यातून आवाज येणार तो कवडूभाऊंचाच. यमदूत निघायच्या आधी कवडूभाऊंना फोन करतो, अशी गावात थट्टा चालायची. जाहिरातीत बाईचा आवाज लागला की तो त्यांच्या बायकोचा, अन्नपूर्णाबाईंचा. भिंतींना गोधड्या टांगलेल्या खोलीत दोघं रेकॉर्डिंग करत आणि करता करता भांडतही.

मागच्या वर्षी अन्नपूर्णाबाई गेल्या. गावभरच्या मयती सांगणाऱ्या या माणसाला बायकोची सांगवली नाही. माइकसमोर बसले, तसेच उठले. ऑटो फिरलाच नाही. तिचा आवाज कानावर पडला की जीव कासावीस व्हायचा, म्हणून तेरावं झाल्यावर त्यांनी काँप्युटरमधलं तिचं सगळं, न बघताच, पुसून टाकलं. आवाज नको म्हणजे रडणंही नको, असा आपला भाबडा हिशोब.

परवा दुपारी पडद्यावर पाटी आली: बॅकअपच्या डिस्कवर जागा उरली नाही. कवडूभाऊ चक्रावले. काँप्युटर निम्मा रिकामा आणि त्याची नक्कल ठेवणारी डिस्क, तीही त्याच्याहून मोठी, ठासून भरलेली! घरात एकटा माणूस आणि जेवून उठली पंगत, असं कसं? बोरगाव मेघेत राहणाऱ्या मुलीला, वर्षालीला, त्यांनी फोन लावला.

"बाबा, तुमी इथून पुसलं तरी तिथून जात नाई," ती म्हणाली. "जुन्या नकला ते जपून ठेवते. आता जागा संपली म्हणून विचारून राह्यलं, सगळ्यात जुनं काढू का? हो म्हटलं का कायमचं गेलं."

"जुन्यात काय हाये?"

"आई हाये, बाबा."

त्यांनी 'नाही' दाबलं. डिस्कचा निळा दिवा लुकलुकत होता, आत कोणी जागं असावं तसा. भीती वाटत होती आणि ऐकल्याशिवाय राहवतही नव्हतं. त्यांनी जुनी तारीख उघडली. पुसलेलं सगळं जागच्या जागी होतं. साड्या, कूलर, सर्कस. आणि एक फाइल, जी त्यांनी कधी रेकॉर्ड केलीच नव्हती. अन्नपूर्णाबाई दवाखान्यात भरती झाल्या, त्याच्या आदल्या दिवसाची. त्यांनी हेडफोन चढवला.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते," तिचाच आवाज, जाहिरातीतल्यासारखा ठणठणीत, "की कवडूभाऊ यांच्या धर्मपत्नी अन्नपूर्णाबाई यांचे दुःखद निधन झाले आहे. अंत्ययात्रा आज..."

पुढे नुसती शांतता. कानात दडे बसवणारी. मग हळू आवाजात पुन्हा ती: "अजी, तुमच्यानं हे होनार नाई, मले ठाऊक हाये. टाइम सांगायपुरती जागा सोडली हाये. तेवढं तरी तुमी बोलजा."

कवडूभाऊंनी फाइल मागे नेली, माइक जवळ ओढला. "अंत्ययात्रा आज..." शांतता आली. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तेवढ्यात जागा संपली आणि ती म्हणाली, "अजी..."

त्यांनी पुन्हा मागे नेली.