डोळे नसलेला वर्ग

माहूर सोडून लातूरला आलो त्याला बारा वर्षं झाली. सहावीतच शाळा सुटली. पुढं किती दिवस हजेरीला माझं नाव पुकारलं असेल, हे अजून मनात येतं. या लॉजवर चहापाण्याचं काम मिळालं, त्याचे उपकार मी विसरत नाही. तरी एखादी चूक होऊन हे काम जाईल, ही धाकधूक असतेच.

एकदा मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणाऱ्या एक बाई उतरल्या होत्या. समोरच्या शाळेत त्यांचा कार्यक्रम होता. सकाळी चहा नेला, तर पलंगावर मोठा कागद पसरलेला. त्यावर अख्खा वर्ग बाकांवर बसलेला, पण एकाही पोराला डोळे नव्हते.

"ताई, डोळे राहिले की हो!"

"ते शाळेत काढते, पोरांसमोर. आधी काढले की माझ्याकडंच बघत बसतात."

त्या हसल्या नाहीत. कुंचला बोटांत फिरवत माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, चहा सांडला की काय.

तासाभरानं कप न्यायला गेलो. मागच्या बाकावरच्या एका पोराला डोळे आले होते. डावी पापणी माझ्यासारखीच उतरलेली. शेजारी खताच्या पोत्याचं दप्तर, अगदी माझं होतं तसं. ते मी इथं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"प्रत्येक वर्गात एक पोरगं गैरहजर असतं, दादा," त्या कागद गुंडाळत म्हणाल्या. "आज त्याला घेऊन जाते."

चित्र शाळेच्या भिंतीवर लागलंय म्हणतात. बघायला जायची हिंमत होत नाही. पण तिकडची घंटा वाजली, की मी हातातला ट्रे खाली ठेवतो आणि हळूच म्हणतो, "हजर."