तेरावा छर्रा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि अण्णांना तर नाहीच.

अण्णा म्हणजे केडगावातले आमचे शेजारी. सुप्याच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, आणि पक्के सायकलवेडे. बुटाचा तळ ज्यात खटकन अडकतो, तसली त्यांची पेडलं जुनीपुराणी. पण बोटाने टिचकी मारली की आवाज न करता फिरत राहायची. आमच्या सायकल ग्रुपातल्या निम्म्या लोकांची पेडलंही त्यांच्याच ओट्यावर यायची. वर्तमानपत्र पसरायचं, पेडल खोलायचं, आतले बेअरिंगचे छर्रे बशीत डिझेलने धुवायचे, नवं ग्रीस भरून एकेक परत बसवायचा. काय हात होता! कितीतरी रविवार मी नुसता तो हात बघत बसलोय.

अशाच एका रविवारी स्वतःच्या पेडलात पहिला छर्रा ठेवत ते म्हणाले, "लाभ." तेवढ्यात आत फोन वाजला. "बाकीचं तू बसव. बारा हायत," म्हणून ते उठले. मला — मला सांगितलं! छाती फुगली माझी. मी पुढे सुरू केलं: एक, दोन, तीन... अकरावर बशी रिकामी.

एक हरवला? कागदाखाली बघितलं, चपला झटकल्या. नुसती हाक मारायची होती. पण पहिल्यांदाच काम सोपवलं, आणि सांगायचं काय, हरवला? जादा छर्‍यांच्या डबीतून मी एक उचलला आणि अंगठ्याने ग्रीसमध्ये दाबून दाटीवाटीने बसवला.

अण्णा आले. नट आवळून त्यांनी पेडल फिरवलं, आणि कपाळावर आठी पडली.

"जड लागतंय रं. बारा पुरलं का?"

"हो," मी म्हणालो.

त्यांच्या बोटांना कळलं होतं हो! पण त्यांनी बोटांचं ऐकलं नाही, माझं ऐकलं.

पुढच्याच आठवड्यात भंडारदऱ्याच्या चढावर ते पेडल अडकलं. बूट सोडवायच्या आत अण्णा सायकलसकट आडवे. उजवं मनगट मोडलं. हात गळ्यात बांधून घरी आले, माझ्याकडून पेडल उघडून घेतलं आणि डाव्या हाताने छर्रे मोजायला लागले. "लाभ, दोन, तीन..."

दोन? — तेव्हा माझी ट्यूब पेटली. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. अण्णांची तीच सवय. लाभ म्हणजेच एक, आणि त्यांच्या बारात तो धरलेला. हरवलं काहीच नव्हतं.

"...बारा, तेरा." अण्णांनी तेरावा छर्रा बोटांत धरून बघितला. मग म्हणाले, "बशीत मीच तेरा टाकलं आसतील. डोळं गेलं माजं. दुसऱ्याच्या सायकलीला आता हात लावायचा न्हाई."

मी समोरच होतो. तोंड उघडलं का? नाही. घाबरलो होतो असंही म्हणवत नाही — त्यांच्या नजरेतलं कौतुक मला सोडवेना, एवढंच.

मनगट सांधलं. अण्णा पुन्हा सायकल चालवायला लागले, पण पाना त्यांनी परत उचलला नाही. तो मला दिला. "तुजा हात चांगला हाय," म्हणाले. आता लोक माझ्याकडे पेडलं घेऊन येतात.

अण्णाही येतात. शेजारी बसतात. मी मोठ्याने मोजतो — लाभ, दोन, तीन — आणि ते डोळे मिटून ऐकतात. शेवटी विचारतात, "पुरलं का?" मी हो म्हणतो. ते मान हलवतात. पेडल फिरवून बघत नाहीत.